फोटोच्या कोपऱ्यातलं कपाळ

४ फेब्रुवारी

धाकटीनं आज विचारलं, "मॅडम, या फोटोत डोकं अजून उघडलेलं का नाही?"

विभागात येऊन तिला तीनच महिने झालेत. सगळ्यांत नवी म्हणून क्लार्कनं धाकटी म्हणायला सुरुवात केली, आता मीही म्हणते. उद्याचा तास तिला घ्यायला सांगितला होता, म्हणून कपाटातले जुने फोटो चाळत बसली होती.

फोटो मी केलेल्या शवविच्छेदनाचा. गळा दाबून झालेला मृत्यू शिकवताना मी हाच दाखवते. मान उघडलेली, स्नायूंचे थर एकेक करून बाजूला घेतलेले, आणि अन्ननलिकेच्या मागे, मणक्यांवर, साकळलेलं काळपट रक्त. नऊ वर्षं दाखवतेय. नऊ तुकड्या होऊन गेल्या. दर वेळी छडीचं टोक त्या काळ्या डागावर. वरच्या कोपऱ्यात कपाळ दिसतं, केस दिसतात. केस विस्कटलेले, पण जागच्या जागी.

मी म्हटलं, बघते. चहा अर्धा टाकून उठले. कशासाठी उठले ते आठवत नाही. व्हरांड्यात उभी राहून परत आले.

५ फेब्रुवारी

मान शेवटी. सरांनी पहिल्या दिवशी सांगितलेलं. आधी कवटी उघडायची, मेंदू काढायचा. मग छाती रिकामी करायची. मानेतलं रक्त वरून आणि खालून ओघळून जाऊ द्यायचं. मानेला हात सगळ्यांत शेवटी. घाई केली तर फुगलेल्या शिरा सुरीखाली फुटतात, रक्त अन्ननलिकेमागे झिरपतं, आणि दिसतं हुबेहूब गळा दाबल्यासारखं. आपणच केलेली इजा आपणच शोधून काढायची आणि वर सही ठोकायची. सर हे सांगताना हसायचे. म्हणायचे, चोर तोच आणि फौजदारही तोच.

हे मी स्वतः शिकवते. त्याच तासाला. त्या फोटोच्या पाच मिनिटं आधी!

६ फेब्रुवारी

फोटो पुन्हा काढला. भिंगाखाली धरला. डोकं बंद आहे.

८ फेब्रुवारी

फाइल काढून घेतली. क्लार्क म्हणाला, एवढी जुनी कशाला मॅडम, धुळीनं शिंका येतील. आल्या.

बाई, वय सत्तावीस. रविवारी दुपारी घरात मेली. नवरा त्याच खोलीत, प्यालेला. संध्याकाळी त्याची बहीण आली तेव्हा तो भिंतीला टेकून फरशीवर बसला होता. शेजारी म्हणाले, दोघांचं पटत नव्हतं. पाहणारं कुणी नाही.

माझ्या नोंदी: चेहरा निळसर, सुजलेला. डोळ्यांत रक्ताचे बारीक ठिपके. जीभ उजव्या कडेला चावलेली. मानेवर डावीकडे दोन बारीक ओरखडे. गळ्याचं हाड शाबूत. आणि आत तो डाग. मृत्यूचं कारण — गळा दाबल्यानं श्वास कोंडून. खाली माझी सही, तेव्हाची, जरा तिरकी.

नवऱ्याला जन्मठेप. न्यायाधीशांनी निकालात माझं वाक्य जसंच्या तसं उतरवलं होतं. मला तेव्हा बरं वाटलं होतं. हे लिहून ठेवते.

कुठल्या क्रमानं उघडलं ते कागदावर कुठेच नाही. फॉर्म छापील आहे — डोकं, मान, छाती, पोट. आपण कशीही सुरुवात केली तरी लिहिताना डोकं पहिलं. हजारो फॉर्म असे भरलेत. कधी मनात आलं नाही की यात काही हरवतं.

९ फेब्रुवारी

आठवलं. बस उलटली होती. टेबलं कमी पडत होती, प्रेतं स्ट्रेचरवरच ठेवलेली. नातेवाईक खिडकीच्या जाळीला चेहरे लावून उभे. म्हणून घाई झाली. म्हणून मान आधी. स्पष्ट आठवतंय — एका म्हाताऱ्याचा हात जाळीतून आत आला होता.

१० फेब्रुवारी

रजिस्टर पाहिलं. बस उलटली ती तीन आठवडे नंतर.

तो म्हाताऱ्याचा हात मग कुठला?

११ फेब्रुवारी

आज दुरुस्तीचं रजिस्टर. हे कुणी जपून ठेवलं असेल असं वाटलं नव्हतं, पण क्लार्क काहीच टाकत नाही. विजेची करवत त्या महिन्यात चौदा तारखेला दुरुस्तीला गेली, एकोणीसला परत आली. ही बाई टेबलावर आली सतराला.

म्हणजे करवत नव्हती. हातकरवतीनं कवटी उघडायला पाऊण तास लागतो. शवागारातले मदतनीस मामा हातकरवत शोधत असतील, मी थांबले नसेन, पुढचं काम सुरू केलं असेल. पण पुढचं म्हणजे काय — छाती की मान? छाती आधी रिकामी केली असेल तर निम्मं रक्त तरी खाली गेलं असेल. नसेल केली तर...

कारण सापडलं की मला बरं वाटतं. कालपर्यंत बसचं कारण होतं, तेव्हाही वाटलं होतं.

१३ फेब्रुवारी

मामांकडे जाऊन आले. अठ्ठावीस वर्षं शवागारात होते. मी टेबलापाशी जायच्या आत अवजारं माझ्या डाव्या हाताला मांडलेली असायची, कारण मी डावखुरी. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. आता मुलाकडे राहतात, गच्चीत टोमॅटो लावतात. ऐकायला कमी येतं. सूनबाई म्हणाल्या, जोरात बोला, आणि स्वतः इतक्या जोरात म्हणाल्या की मीच दचकले.

फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सारून, डोळ्यांपाशी नेऊन पाहिला. मी विचारलं, त्या दिवशी छाती आधी केली की मान?

मामांनी फोटो परत माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "मॅडम, काय आठवायला हवं ते सांगा."

मी म्हटलं, तसं नको मामा, जे झालं ते सांगा. त्यावर म्हणाले, छातीच आधी केली, तुम्ही कधी चुकल्या नाहीत. मी म्हटलं, नक्की? म्हणाले, नक्की. थोड्या वेळानं म्हणाले, नाहीतर मान आधी केली असेल, करवत नव्हती ना. दोन्ही वेळा सारख्याच खात्रीनं. कोर्टात यायचं तर येतो म्हणाले, एक चांगला शर्ट आहे.

निघताना चार टोमॅटो हातात दिले. माझ्यासाठी खोटं बोलायला तयार असलेला हा जगातला एकमेव माणूस असेल. कुठलं खोटं बोलायचं तेवढं मला ठरवता येईना.

१६ फेब्रुवारी

रविवार. घरी माझ्या नवऱ्याला सांगितलं. तो शाळेत गणित शिकवतो. नीट ऐकून घेतलं, मग म्हणाला, डोकं बंद हे नक्की, छातीचं माहीत नाही — म्हणजे शक्यता निम्मी निम्मी? मी म्हटलं, रक्त तुझ्या वर्गात बसलेलं नाही. तो हसला. मग हसायचं थांबला आणि विचारलं, "तो माणूस अजून आत आहे?"

आहे म्हटलं.

जेवताना दोघांपैकी कुणीच फारसं बोललं नाही. सासूबाईंनी विचारलं, भांडलात का? नाही म्हटल्यावर त्यांची जरा निराशा झाली.

१९ फेब्रुवारी

आज जे केलं ते इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे लिहिणार नाही.

पन्नाशीचा माणूस. दुकानाच्या पायरीवर कोसळला, दहा जणांनी पाहिलं. हृदयविकार. चेहरा त्या बाईसारखाच निळा, मानेच्या शिरा टचटचीत. धाकटी शेजारी उभी होती. मी म्हटलं, आज मान आधी. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि करवत बाजूला ठेवली.

मान तशीही उघडायचीच असते. क्रम फक्त बदलला. त्याच्या घरच्यांचं काही बिघडलं नाही, शिवणही नेहमीसारखीच घातली. तरी हात धुताना अपराध्यासारखं वाटलं.

डाग आला. अन्ननलिकेच्या मागे, काळपट, अंगठ्याच्या नखाएवढा. याचा गळा कुणी दाबला नव्हता. धाकटीनं फोटो काढला. जुना फोटो शेजारी ठेवला. मी तिला विचारलं, यातला खून कुठला? ती म्हणाली, जुना. कशावरून? म्हणाली, कागद पिवळा पडलाय.

२० फेब्रुवारी

असं होऊ शकतं, म्हणजे असं झालं असं नाही. हे वाक्य साक्षीला उभी राहून मी आजवर किती वेळा म्हटलंय! समोरचा वकील दर वेळी चिडायचा. का ते आज कळलं.

२४ फेब्रुवारी

कैद्याची बहीण आली होती. आमच्याकडे तिला अर्जवाली म्हणतात. दर वर्षी येते, फोटोंच्या प्रती मागते, आणि दर वर्षी मी अर्जावर लिहिते — अहवाल पाहावा. कधी वर मान करून बघितलं नव्हतं. आज बघितलं. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असेल. शिवणकाम करते, बोटाचं पेर भोकं पडून निबर झालेलं.

शेवटचं अपील एप्रिलमध्ये आहे, म्हणाली. यानंतर दार बंद. मी बसायला सांगितलं तर तिला कळेना काय करावं. नऊ वर्षांत कुणी बसायला सांगितलं नसावं.

मी विचारलं, तुम्हाला फोटो कशाला हवेत? म्हणाली, मला त्यातलं काय कळणार ताई, पण ज्याला कळतं त्याला दाखवीन. मग उगाच, जाता जाता सांगितल्यासारखं म्हणाली, वहिनीला झटके यायचे, फिटचे. लहानपणापासून. लग्नात लपवलं होतं. गोळ्या चालू होत्या, मग स्वतःच बंद केल्या, वजन वाढतं म्हणून. मी विचारलं, हे तेव्हा सांगितलं नाहीत?

"सांगितलं की. तिच्या आईनं नाही म्हटलं. मग आमचं कोण ऐकतंय?"

पोलिसांनी मला दिलेल्या कागदात झटक्यांचा एक शब्द नव्हता. मीही विचारलं नव्हतं.

अर्ज ठेवून घेतला. त्यावर काही लिहिलं नाही.

२५ फेब्रुवारी

जीभ उजव्या कडेला चावलेली. टोक नाही — कड. झटक्यात कड चावली जाते. गळा दाबतानाही जीभ चावली जाऊ शकते. चेहरा निळा — दोन्हीत. डोळ्यांत ठिपके — दोन्हीत, ती उशीत तोंड खुपसून पडली असेल तर. मी दोन रकाने आखले आणि एकेक खूण टाकत गेले. दोन्ही रकाने सारखेच भरले.

ओरखडे राहिले. ते कुठल्याच रकान्यात नीट बसत नाहीत. गळ्यात साखळी होती. तिची स्वतःचीही नखं असतील. किंवा त्याची.

मला तो सुटायला हवा आहे का? मला माझं बरोबर ठरायला हवं आहे का? आज दुपारी दोन्हींचं उत्तर हो होतं.

२७ फेब्रुवारी

सरकारी वकिलांना फोन केला. ओळखीचे आहेत, कित्येक खटले सोबत केलेत. सगळं सांगितलं. ते म्हणाले, मॅडम, कोर्टानं तुम्हाला विचारलंय का? नाही ना? मग विचारलं नसताना आपण होऊन कशाला विस्तवात हात घालता. फोटोत कपाळ दिसतं हे नऊ वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही, आता काय येणार.

मी म्हटलं, आलं लक्षात.

त्यांनी कुणाला तरी दार लावायला सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "एक लक्षात ठेवा. त्या माणसानं खटलाभर एकदाही मी केलं नाही असं म्हटलेलं नाही. एकदाही नाही. निर्दोष माणूस असा बसतो का?"

फोन ठेवल्यावर बरं वाटलं. मग बरं वाटल्याचा राग आला. हे आता रोजचंच झालंय.

२ मार्च

सासूबाईंच्या कानावर गेलंच. नवऱ्यानं सांगितलं असणार, त्याच्या पोटात काही राहत नाही. मटार सोलता सोलता म्हणाल्या, इतके दिवस मी लोकांना सांगायचे, आमच्या सुनेच्या पेशंटांची कधी तक्रार नाही. आता हे काय काढलंस?

मी म्हटलं, तक्रार पेशंटची नाही, माझीच आहे.

त्या म्हणाल्या, तू गप्प राहावंस. तुझ्या नोकरीसाठी म्हणत नाही. त्या पोरीच्या आईचा विचार कर. मुलगी गेली, का गेली ते नऊ वर्षांपूर्वी तूच सांगितलंस. तेवढं तरी तिच्यापाशी राहू दे.

पाटीतले मटार संपले होते तरी त्या रिकाम्या शेंगा चाचपत होत्या.  

५ मार्च

कोर्टाला पत्र. पहिल्यांदा लिहिलं: माझ्याकडून चूक झाली. खोडलं — चूक झाल्याचं मला माहीत नाही. मग लिहिलं: चूक झाली असण्याची शक्यता आहे. हे वाचायला सरकारी जाहिरातीसारखं. मग लिहिलं: मान उघडली तेव्हा डोकं बंद होतं, फोटो सोबत जोडला आहे, छाती रिकामी केली होती की नाही ते मला आठवत नाही आणि कागदावर नाही, त्यामुळे मानेतल्या रक्तावरून गळा दाबला असं मी आता म्हणू शकत नाही.

सही केली. हल्ली सरळ येते.

धाकटी दारात उभी होती. म्हणाली, मी विचारायला नको होतं का? मी म्हटलं, तू नऊ वर्षं आधी यायला हवी होतीस. ती म्हणाली, तेव्हा मी नववीत होते. हसलो दोघीही. मग ती पत्र घेऊन पोस्टात गेली.

६ मार्च

परत मागवता येतं का टाकलेलं पत्र? नुसता प्रश्न.

११ मार्च

वरून फोन. हे पत्र पाठवण्याआधी आम्हाला का दाखवलं नाही? तुमच्या सगळ्या जुन्या केसेस आता लोक उकरून काढतील याची कल्पना आहे का? आहे म्हटलं. किती केसेस असतील अशा? माहीत नाही म्हटलं. एकंदर माझं आवडतं उत्तर झालंय ते.

करवत पाचच दिवस नव्हती. रजिस्टर पुन्हा पाहिलं. त्या पाच दिवसांत सात शवविच्छेदनं माझी. सहांमध्ये मानेचा काही संबंध नव्हता. एवढं तरी.

१४ मार्च

तास घेतला. फोटो दाखवला. छडी कपाळावर ठेवली आणि गप्प राहिले. दोन मिनिटं कुणालाच कळेना. मग मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, मॅडम, हे आधी व्हायला हवं होतं ना?

हो म्हटलं. कुणाचा फोटो आहे, तिनं विचारलं. माझा म्हटलं. मुलांनी पेनं उघडली. त्यांना वाटलं असेल, पुढे काहीतरी सांगेन. पुढचं मला माहीत नव्हतं. तास लवकर सोडला.

२३ मार्च

तीन. एक विहीर, एक अपघात, एक म्हातारपण. मान शेवटी, तिन्हींची.

२ एप्रिल

कोर्ट. साडेदहाला पोचले, सव्वा तीनला नाव पुकारलं. बाकावर बसून पाय आखडले.

त्याला आणलं होतं. फोटोतल्या बाईला मी आतून-बाहेरून ओळखते, या माणसाला पहिल्यांदाच नीट पाहिलं. केस पांढरे झालेत. चाळिशीचाच असेल. मान खाली, हात मांडीवर, शाळेत उशिरा आलेल्या मुलासारखा. बहीण मागच्या रांगेत. दुसऱ्या कडेला एक म्हातारी, सुती पदर कानामागे खोचलेला. ही आईच असणार — चेहऱ्याची ठेवण तीच. मृत चेहऱ्यावरून जिवंत चेहरा ओळखायची सवय झालीये. वाईट सवय.

बचावाची वकील तरुण. थेट मुद्द्यावर आली. आज हा मृतदेह तुमच्यासमोर आला असता तर तुम्ही हाच अहवाल लिहिला असता का? नाही म्हटलं. मग काय लिहिलं असतं? मृत्यूचं कारण निश्चित करता येत नाही. झटक्यानं मृत्यू येऊ शकतो का? येऊ शकतो. खुणा जुळतात का? जुळतात.

मग माझे ओळखीचे सरकारी वकील उठले. आज ओळख ठेवून आले नव्हते. ठेवूही नये.

"गळा दाबला नाही, असं तुमचं म्हणणं आहे?"

"नाही."

"मग दाबला असं?"

"तेही नाही."

"ओरखडे कशाचे?"

"सांगता येत नाही."

ते न्यायाधीशांकडे वळले, परत माझ्याकडे. "डॉक्टर, तुम्हाला नेमकं काय माहीत आहे?"

कुणीतरी हसलं. मला राग आला नाही. प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, मान उघडली तेव्हा डोकं बंद होतं, एवढं माहीत आहे.

न्यायाधीशांनी लिहून घेतलं. तेच वाक्य. जसंच्या तसं.

या सगळ्यात त्यानं एकदाही वर पाहिलं नाही. बचावाच्या पहिल्या प्रश्नाला मी नाही म्हटलं तेव्हा मात्र त्याची मांडीवर चाळा करणारी बोटं थांबली. मला तसं वाटलं. माझ्या वाटण्यावर आता किती भरवसा ठेवायचा!

३ एप्रिल

काल एक लिहायचं राहिलं. राहिलं नाही, टाळलं.

बाहेर पडताना जिन्यावर ती म्हातारी उभी होती. मला वाटलं शिव्या देईल, तयारही झाले. तिनं माझं मनगट धरलं. घट्ट नाही. म्हणाली, बाई, तुम्ही तेव्हा खूप समजावून सांगितलं होतंत, पाणी दिलं होतंत. मला हे अजिबात आठवत नव्हतं.

मग म्हणाली, "मग नऊ वर्षं मी तळतळाट कुणाला दिले?"

मी झटक्यांचं विचारू शकले असते. तुमच्या मुलीला झटके यायचे का हो? नाही विचारलं. तिनं मनगट सोडलं आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेली. मी वरच थांबले, ती खाली पोचेपर्यंत.

१८ एप्रिल

सुटला. संशयाचा फायदा. बहिणीचा फोन आला, नुसती रडत होती, मधूनच ताई, ताई म्हणत होती. मी म्हटलं, मी काही केलेलं नाही. तिला तो विनय वाटला.

नवऱ्यानं विचारलं, आता तरी सुटलीस? सासूबाईंनी ताटं मांडली. मग म्हणाल्या, जेवून घ्या.

त्यानं केलं असेल तर मी खुनी सोडला. केलं नसेल तर त्याची नऊ वर्षं मी खाल्ली. दोन्हीपैकी एक मी नक्की केलंय. कुठलं, ते शोधायला उघडण्यासारखं आता काही उरलेलं नाही.

२२ एप्रिल

झोप बरी लागली. कशी, कळत नाही.

३० एप्रिल

तो आला होता. एकटा. बहिणीला सांगून आलो नाही, म्हणाला. खुर्ची दिली, बसला नाही.

त्या दुपारचं त्याला काहीच आठवत नाही. सकाळपासून पीत होता. शुद्धीवर आला तेव्हा ती गार झाली होती. पोलिसांनी माझा अहवाल वाचून दाखवला तेव्हा कळलं, आपण काय केलं ते. म्हणून कोर्टात गप्प राहिला. बहीण नाही नाही म्हणत फिरायची, त्याला तिची कीव यायची. नऊ वर्षं रोज सकाळी उठून त्यानं ते स्वतःला एकदा सांगितलं — माझ्या शब्दांत. पाठ आहेत, म्हणाला. म्हणून दाखवलं. एक शब्द चुकला नाही.

मग म्हणाला, "आता तुम्ही म्हणता माहीत नाही. मग डॉक्टर, मी तिला मारलं का?"